मोहाखालच्या साड्या

१२ जानेवारी २०२५, रविवार

गेलो एकदाचा!

स्कूटर बाहेर काढली, परत आत लावली, परत काढली. शेजारचे सदाशिवराव फाटकातून बघत होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बहुतेक गेलो नसतो.

क्षितिज दिवाळीपासून मागे लागला होता. रजनीचा शाळेतला जुना विद्यार्थी. आता दर रविवारी यवतमाळची पोरंपोरी घेऊन बोरी अरबच्या पुढे एका टेकडीवर जातो. तिथलं मूळचं जंगल परत आणायचं म्हणतो. "काका, काही करू नका, नुसतं येऊन बसा." रजनी गेल्यापासून मला नुसतं बसायला फार लोक बोलावतात.

बसलो नाही. त्यानं हातात सब्बल दिली. रायमुनिया उपटायची — आपण घाणेरी म्हणतो ती. अर्धी टेकडी तिनंच झाकलेली, खाली दुसरं काही उगवू देत नाही. एक जाळी जोर लावून ओढली, ती मुळासकट सुटली आणि मी पाठीवर पडलो. म्हातारा माणूस म्हणून पोरं हसली नाहीत. मग मीच हसलो, तेव्हा हसली.

आणि त्या जाळीखाली — जुना खुंट, आणि खुंटातून वर आलेले बोटाएवढे धुमारे! क्षितिज धावत आला. चारोळीचं झाड! कुणी लावलेलं नाही. कधीतरी तोडलं, जळलं, चरलं, तरी मूळ खाली जिवंत होतं. उजेडाची वाट बघत होतं. "आपण फक्त वाट मोकळी करायची, काका."

पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. ही टेकडीही कधीतरी काढली असेल. कागदावर तीन-चार कंटूर रेषा. खुंट कुठे दिसतात त्यात!

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. दुसरी संपल्यावर लक्षात आलं, कित्येक महिन्यांत एवढं जेवलो नव्हतो.

१३ जानेवारी

अंग ठणकतंय. हाताला ओरखडे. बरं वाटतंय.

२६ जानेवारी, रविवार

टेकडीच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे. आज शाळेत झेंडावंदन, मग टेकडी. तांड्याचे नायक किसनसिंग भेटले. पांढरा फेटा, डोळे बारीक, बोलणं सावकाश. दोन वर्षं तांड्यानं टेकडीवर बकऱ्या सोडलेल्या नाहीत, म्हणून तर धुमारे दिसतात. वनखात्याची परवानगी क्षितिजकडे आहे, पण खरी परवानगी या माणसाची!

ते आज स्पष्टच बोलले. दरवर्षी उन्हाळ्यात, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, टेकडी पेटते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात. जमीन काळी झाली की पांढरी फुलं चटकन दिसतात. पण ती आग झाडाखाली थांबत नाही.

"दोन साल बकऱ्या बांधून ठेवल्या आमी. गवत वाढलं. आन् मंग ते जळून गेलं. जळूनच जात असन तर बकऱ्याईनं काहून खाऊ नये, सांगा?"

मग स्वतःच म्हणाले,

"यंदाचा मोह पाहू. टेकडी नाही जळली तर आणखी तीन साल बंद. जळली तर सोडतो बकऱ्या. मंग तुमी आपल्या गावाले अन् आमी आपल्या."

म्हणजे सगळं या एका मोहावर! परतताना स्कूटर जरा जोरातच चालवली.

संध्याकाळी गुंजनचा पुण्याहून फोन. "बाबा, जूनचं पक्कं ना?" पक्कं. नोव्हेंबरातच हो म्हटलंय — हे घर विकायचं आणि तिच्याकडे राहायला जायचं. तेव्हा कशालाही हो म्हणत होतो. मे महिन्यात ती आवरायला येणार. "आईच्या कपाटाला हात लावू नका हं. ते मी आल्यावर बघू."

लावलेला नाहीच.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझं काम! जाळरेषा काढायची. म्हणजे टेकडीच्या कडेनं रुंद पट्टा साफ करायचा, गवत नाही, पाला नाही, आग आली तर तिथं उपाशी मरावी. घरून सुतळी नेली, चुना नेला, खुंट्या नेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काय रेषा आली! पट्टीनं मारल्यासारखी. खात्यातल्या साहेबांनी पाठ थोपटली असती.

तेवढ्यात तांड्यातली हंसाबाई लाकडाची मोळी घेऊन उतरली. साठीच्या पुढची असेल. घागरा, आरशांची चोळी, कोपरापर्यंत चुडे. मोळी खाली ठेवली, रेषेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"आग काय यष्टी हाय का साहेब, सडकेसडकेनं जाईन?"

सगळे खो खो हसले. कान तापले माझे. घरी येईपर्यंत उत्तर शोधत होतो. अजून सापडलं नाही. पण वाक्य आठवून आता एकटाच हसतोय.

१६ फेब्रुवारी

रेषा तशीच ठेवली. वरच्या अंगाला हंसाबाईनं सांगितलं तशी वाकडी नेली, नाल्याच्या काठानं. वाकडीही बरी दिसते.

धावड्याला, मोईला डोळे फुटायला लागलेत. माती कोरडीठाक आणि झाड म्हणतं, चला! कुठून आणतं पाणी?

२३ फेब्रुवारी, रविवार

तांड्यात बायांची बैठक. मी मागे बसलो होतो. क्षितिज म्हणाला, पाला जाळू नका, झाडाखाली कापड अंथरा. फुलं कापडावर पडतील. वेचायला नको, माती नको, गोळा करून न्यायची.

हंसाबाई म्हणाली, "मोहाचं झाड पाह्यलं का बापू तू? आंगणाएवढं पसरते. कापड कोठचं आणू? तुह्या लग्नाचा मंडप देते का?"

क्षितिजचं लग्न ठरत नाहीये हे तांड्यालाही माहीत!

मग जुन्या साड्या असं ठरलं. हंसाबाईची सून ममता म्हणाली, आमच्या जुन्या साड्यांच्या तर गोधड्या होतात, गोधड्यांची पायपुसणी. उरते काय? तेव्हा साड्या यवतमाळहून यायला हव्यात. क्षितिजनं सगळ्या ग्रुपवर टाकलं.

२६ फेब्रुवारी

साड्या आल्या. चिंध्या म्हणायला हव्यात. एकीत तर भाजी बांधून आणल्यासारखा वास. एवढ्यात एक झाडही झाकणार नाही, आणि टेकडीवर मोह आहेत पंधरा-वीस. क्षितिजचं तोंड उतरलं. "काका, बाया पाला जाळतीलच."

२७ फेब्रुवारी

कपाट उघडलं.

२८ फेब्रुवारी

काल पुढे लिहिता आलं नाही.

वास तसाच आहे. डांबरगोळ्या आणि तिची ती चंदनाची वडी. बराच वेळ दार धरून उभा होतो. मग एकदम वाटलं, या आत काय करताहेत? रजनीला बंद खोली सहन व्हायची नाही. शाळेतही तिच्या वर्गाच्या खिडक्या थंडीत उघड्या. पोरं कुडकुडायची.

सगळ्या काढल्या. सुती वेगळ्या — शाळेत रोज नेसायची त्या, खळ घातलेल्या. गॅदरिंगच्या, लग्नाकार्याच्या नायलॉनच्या वेगळ्या. निळी इरकल कुठे दिसेना. तिला सगळ्यात आवडायची ती. पलंगाखालची पेटीसुद्धा पाहिली. नाही.

गुंजनला सांगायला हवं होतं. फोन हातात घेतला, ठेवून दिला. तिनं नको म्हटलं असतं, आणि मग मी दिल्या नसत्या.

१ मार्च

दिवसभर धुतल्या, वाळवल्या, इस्तरी केली. सदाशिवराव कुंपणावरून म्हणाले, "काय हो, लाँड्री टाकली का?" टाकली म्हटलं.

२ मार्च, रविवार

गाठोडं तांड्यात दिलं. कुणाच्या ते सांगितलं नाही. "यवतमाळहून आल्या" एवढंच. खोटंही नाही.

हंसाबाईनं घडी उलगडली. परत घातली. माझ्याकडे बघितलं. "इस्तरी? मोह काय वरातीत येऊन राह्यला?"

बाया इतक्या हसल्या की एकीचा चहा सांडला. मी पण हसलो. खरंच की! मातीवर अंथरायच्या साड्या, आणि मी काठ जुळवून इस्तरी केली!

१६ मार्च, रविवार

पडला! मोह पडला!

काल तांड्यात किसनसिंगांच्या ओसरीवर मुक्काम केला, म्हणून बघायला मिळालं. झुंजुमुंजू होत होतं. झाडावर पान नाही, नुसते फुलांचे झुबके. वारा अजिबात नाही. आणि टप्. टप् टप्. जरा थांबून परत टप्. मऊ, रसाळ, पिवळसर पांढरी फुलं. द्राक्षासारखी. खाली रजनीची हिरवी सुती, तिच्याशेजारी जांभळी, पलीकडे ती विटकरी काठाची. घड्या अजून दिसत होत्या! हिरव्या साडीवर फुलं अशी दिसत होती की — मला उपमा येत नाहीत. छान दिसत होती.

एक फूल खाल्लं. गोड, आणि मागून जरा उग्र.

बाया आल्या. पाला जाळायचा नाही, वाकून वाकून वेचायचं नाही. साडीची चार टोकं धरली, झाली पाटी! ममता म्हणाली, "सासूबाई, कंबर तर आज दुखूनच नाही राह्यली." हंसाबाई म्हणाली, "मंग घरी जाऊन भांडे घास."

रात्री रोही, म्हणजे नीलगाई, येऊन गेले होते. एका साडीवर खुरांचे ठसे. कुणाला राग आला नाही, मलाही नाही. रोह्यांनाही मोह आवडतो. खाऊ दे!

एकाही झाडाखाली धूर नाही. किसनसिंग काठी टेकवत सगळीकडे फिरले. मग मला दुसऱ्यांदा चहा पाजला.

१९ मार्च

आता रोज जातो. पहाटेची स्कूटर. बोरीच्या स्टँडवरचा चहावाला न विचारता कमी साखरेचा देतो.

२३ मार्च, रविवार

हंसाबाईला कळलं.

झाडाखाली बसून फुलं निवडत होतो, ती आणि मी. ती एका साडीचा काठ उलटा करून बघत होती. मग दुसरीचा. मग तिसरीचा.

"साहेब, या साऱ्या एकाच बाईच्या हायेत."

मी हातातल्या फुलाची काडी काढत राहिलो.

"फॉल पाहा. साडी हिरवी का जांभळी, धागा पांढराच. साऱ्याइले एकच हात." मग म्हणाली, "आळशी होती का बाई? धागा बदलत नाही!"

आणि मी हसलो. मोठ्यानं! ऑक्टोबरपासून सगळे रजनीबद्दल माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आळशी कुणी म्हटलं नव्हतं तिला. म्हटलं, आळशी नव्हती, घाईत असायची. खालून कोण बघतंय म्हणायची.

"मी पाह्यलं ना." मग काठ सरळ केला. "कोठी हाय?"

"गेली. ऑक्टोबरात. शाळेतून आली, पाणी मागितलं. मी आणेपर्यंत..."

ती फुलं निवडत राहिली. मग ओंजळभर चांगली फुलं घेतली, हिरव्या साडीच्या पदराला गाठ मारून बांधली.

"घरी ने, भिया. तिच्या नावानं वाळव."

भिया म्हणजे भाऊ.

३० मार्च, रविवार

पाडवा. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड आणलं, तांड्यात नेलं. हंसाबाईनं बोटानं चाखून बघितलं. "दही आंबून गेलं तुमचं."

फुलं खिडकीत वाळताहेत; हिरवी साडी दुसऱ्याच दिवशी परत झाडाखाली गेली. घरभर वास. सदाशिवराव दारातून डोकावले आणि जरा संशयानं विचारलं, "दीनानाथराव, घरी काही... गाळता वगैरे का?" सांगितलं, अजून नाही!

नवी पालवी आलीय मोहाला. तांब्यासारखी. मोह संपत आला. अजून आग नाही. म्हणायला भीती वाटते, म्हणून इथे लिहितो — अजून आग नाही!

९ एप्रिल, बुधवार

आग.

हात नीट चालत नाहीत, तरी लिहितो.

दुपारी आली. मोहाखालून नाही, पलीकडच्या रस्त्याकडून. कुणी लावली, कशी लागली, माहीत नाही. वाळल्या गवताला वारा मिळाला. आम्ही शेवटची फुलं उचलत होतो. क्षितिज यवतमाळात. मी, हंसाबाई, ममता, आणखी पाच-सहा बाया. पुरुष शेतात.

माझ्या सरळ रेषेपाशी येऊन थांबली! खरंच थांबली. ज्वाळा त्या टोकापासून या टोकापर्यंत उभ्या, पण पुढे यायला काही नाही. मी वेड्यासारखा ओरडलो, "सडकेनंच आली! हंसाबाई, सडकेनंच आली!" तिनं मला शिवी दिली. त्यांच्या गोर बोलीत. अर्थ विचारणार नाही.

कारण वर, नाल्याकाठच्या वाकड्या तुकड्यात, वाऱ्यानं पाला भरून ठेवला होता. तिथून उडी मारली. आत. चारोळीच्या धुमाऱ्यांकडे.

पळसाच्या फांद्या तोडून झोडपायला लागलो. पुरेना. रोपांसाठी पाण्याचा ड्रम भरलेला होता. हंसाबाई ओरडली, "लुगडे! लुगडे भिजवा! सुती आणा, नायलॉन नोको, चिकटन!" ममता साड्यांचा ढीग घेऊन धावत आली. आणि हंसाबाई थांबली. आग दहा हातांवर, आणि ती थांबली. हातात हिरवी. माझ्याकडे बघितलं.

"भिया?"

मी तिच्या हातातून घेतली आणि ड्रममध्ये बुडवली.

मग काही आठवत नाही नीट. ओली साडी दोघांनी धरायची, आगीवर टाकायची, तुडवायची, उचलायची, परत भिजवायची. हिरवी. जांभळी. विटकरी काठाची. ती खडीसाखरेच्या रंगाची, जी बदलीच्या गावी घेतली होती. धुरात सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या. तांड्यातून माणसं धावत आली, किसनसिंग फेटा काढून झोडपत होते. ऊन उतरायला लागलं तेव्हा आग थांबली.

वरचा एक पट्टा काळा झाला. बाकी सगळी टेकडी उभी आहे. चारोळी उभी आहे!

सुती एकही उरली नाही.

हंसाबाई राखेत बसली होती. चुड्यांवर काजळी. म्हणाली, "बाईच्या साड्या जळल्या, भिया." मी म्हटलं, घाईत असायची ती. कामाला आल्या.

१० एप्रिल

हाताला फोड. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या. विचारलं, काय केलं. म्हटलं, आग विझवली! एखाद्या पोरासारखं सांगितलं. ते बघतच राहिले.

मग घरी येऊन रडलो. पण ते रडणं वेगळं होतं. सांगता येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

तांड्याची बैठक. क्षितिजचा चेहरा पांढरा. आग तर लागलीच. शब्द शब्द होता.

एक जण म्हणाला, जळली ना, मग बकऱ्या सोडा. दुसरा म्हणाला, पट्टाच जळला. आवाज चढले. हंसाबाई मधेच उठली.

"नायक, तुमचा फेटा कोठी हाय?"

किसनसिंग डोक्यावर हात ठेवून बसले. डोकं उघडं होतं. फेटा टेकडीवरच जळाला होता.

"ज्या टेकडीपाई फेटा देला, तिच्यावर आता बकऱ्या सोडता का?"

सगळी बैठक हसली. किसनसिंगही. मग सावकाश म्हणाले, "मोहाखालून नाही लागली. बाहेरून आली. आन् पयल्यांदा थांबली. तीन साल बंद."

क्षितिजनं मला उचललंच!

पुढचं मात्र मला अपेक्षित नव्हतं. इथे प्रत्येक मोहाचं एक घर असतं. कागदावर झाड सरकारचं, पण वेचायचा मान ठरलेल्या घराचा, आजापणजापासून. वरच्या टोकाच्या मोठ्या मोहाचं घर कामाला सुरतेला गेलं, कित्येक मोसमांत आलं नाही. ते झाड बैठकीनं मला दिलं.

मला मोहाचं झाड!

हंसाबाईनं नियम सांगितला. "झाड आमी माणसाले देत नाही, घराले देतो. घर इथंच पाह्यजे. मोहात झाडाखाली यावं लागते. घर गेलं की झाड गेलं."

मी हो हो म्हणत होतो. जून आठवला तो घरी आल्यावर.

२० एप्रिल, रविवार

हंसाबाईला सांगितलं, घर विकतोय, जूनमध्ये पुण्याला जातोय. मुलीला शब्द दिलाय.

तिनं वाद घातला नाही. "लेकीले देलेला शब्द मोठा असते." मग पायानं जळका पाला सारत म्हणाली, "झाड तर काई बोलत नाही. पुढच्या मोहापर्यंत तुहंच हाय."

जळलेल्या पट्ट्यात आज हिरवं टोक दिसलं. एवढ्या लवकर! ओरडून सांगावं असं वाटलं, आणि कुणाला सांगायचं ते कळेना.

११ मे, रविवार

गुंजन आली. वाळली आहे. खोकी, चिकटपट्टी, ट्रकवाल्याचा नंबर, सगळं घेऊन आलीय. घरात मोहाचा वास कसला म्हणाली. मी चहा टाकायला उठलो.

१२ मे

कपाट उघडलं तिनं. नायलॉनच्या चार साड्या, मोहाचे डाग पडलेल्या. बाकी रिकामं.

"बाबा, आईच्या साड्या?"

सांगितलं. मला नीट सांगता येत नाही. आधी आग सांगितली, मग मोह, मग इस्तरी. तिला वाटलं घरात आग लागली होती.

"मला न विचारता? सगळ्या?" मग म्हणाली, "एक तरी ठेवायची होती माझ्यासाठी," आणि म्हणता म्हणता गप्प झाली, खाली बघायला लागली. मला वाटलं, चिडली आहे.

जेवली नाही. मीही नाही.

१३ मे, मंगळवार

मीच म्हटलं, चल, दाखवतो. स्कूटरवर मागे बसली. कॉलेजात असताना बसायची तशी, एका बाजूला झुकून. अजून तोल बिघडवते.

चारोळी दाखवली. गुडघ्याच्या वर गेलीय! रेषा दाखवली, सरळ आणि वाकडी. काळा पट्टा आता काळा राहिला नाही, गवत फुटलंय. मी भराभर बोलत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढं बोलता?"

वरच्या मोहाखाली हंसाबाई बसली होती. मोहाला आता टोळ लागलेत, म्हणजे फळं. तिनं गुंजनला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही लेक? ये याडी, बस." याडी म्हणजे आई. पोरीलाही लाडानं म्हणतात. गुंजन बसली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी मुद्दाम लांब गेलो. एवढंच ऐकू आलं — "पांढरा धागा, पाय, साऱ्याइले!" आणि गुंजनचं हसणं. मग रडणं. मग परत हसणं.

परतताना स्कूटरवर म्हणाली, "ते वरचं झाड कुणाचं?"

"आपलं. घर इथे असेपर्यंत."

बोरी येईपर्यंत ती मागे वळून टेकडीकडेच बघत होती.

१४ मे

सकाळी गुंजननं बॅगेच्या तळातून निळी इरकल काढली. "मीच नेली होती बाबा, आई गेली तेव्हाच. तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही." मी काठ उलटा करून बघितला. पांढरा धागा!

ट्रकवाल्याला तिनंच फोन केला, येऊ नका म्हणून. मग विचारलं, मोह कधी पडायला लागतो, रजा टाकायला हवी. होळीच्या सुमारास, म्हटलं.

साडी कपाटात ठेवली. मार्चपर्यंत.